काटा, कीर्द आणि माणसं

गावातल्या दूध संस्थेचं काम बाहेरून बघणाऱ्याला अगदी साधं वाटतं. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, मोजायचं, फॅट काढायचं आणि कॅन दूध संघाच्या गाडीत चढवायचे. पण तीनशेच्या आसपास सभासद असले की दिवसाला सहाशे व्यवहार होतात आणि दहा दिवसांच्या एका बिलात सहा हजार नोंदी येतात. त्यातली एक जरी चुकली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी किटली घेऊन दारात उभं असतं. या कामाला सुट्टी नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही म्हैस पान्हावते आणि संस्थेचं दार उघडावं लागतं.

पंचगंगेच्या खोऱ्यातल्या अशाच एका संस्थेत मी आधी लेखनिक म्हणून लागले आणि पुढे सचिव झाले. व्यवस्थापनाची पुस्तकं मी फार उशिरा वाचली. हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ साली नियोजन, संघटन, आज्ञा, समन्वय आणि नियंत्रण अशी व्यवस्थापनाची पाच कामं मांडली. ती वाचताना प्रत्येक शब्दासमोर मला आमच्या गावातलं कुणी ना कुणी दिसत होतं. दूध संस्था असो, पतसंस्था, बचत गट किंवा वाचनालय, नव्याने संस्थेच्या कामात पडणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे. वह्या, वेळा, ठराव, सह्या ही सगळी कंटाळवाणी वाटणारी व्यवस्था ज्याची कुठे ओळख नाही त्या सभासदासाठी असते. ज्याची ओळख असते तो नियमावाचूनही आपलं काम करून घेतो.

१. मशीनच्या आधी नमुना

दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या घन घटकांवर) ठरतो. म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.०, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे दरपत्रकाचे पायाभूत आकडे. त्याच्या वर दर वाढतो, खाली आलं की पैसे कापले जातात. त्यामुळे संस्थेतली बहुतेक भांडणं फॅटची.

“वैनी, म्हस तीच, वैरण तीच, मग काल सात लागलं आन् आज सहा कसं?”

या प्रश्नाची खरी उत्तरं बरीच आहेत, आणि ती सगळी सेक्रेटरीला आली पाहिजेत. दुधातलं फॅट वर तरंगतं. दूध न ढवळता वरच्या थरातून नमुना घेतला तर आकडा जास्त येतो, तळातून घेतला तर कमी. धार काढताना सुरुवातीच्या दुधात फॅट सगळ्यांत कमी असतं आणि शेवटच्या धारांत सगळ्यांत जास्त, त्यामुळे शेवटचं दूध रेडकाला सोडलं असेल तर संस्थेत आलेलं दूध पातळ लागतं. दोन धारांमधलं अंतर जितकं मोठं तितकं दूध वाढतं आणि फॅट उतरतं, म्हणून रात्रभराच्या अंतरानंतरच्या सकाळच्या दुधाला बहुधा संध्याकाळपेक्षा कमी फॅट लागतं. नमुन्याच्या बाटलीत धुतल्याचं पाणी राहिलं तरी आकडा घसरतो. यांतलं एकही कारण मशीनमध्ये नसतं. मशीनपर्यंत पोचायच्या आधीच ते घडून गेलेलं असतं.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. दूध काट्यावर ओतल्यावर सभासदाच्या डोळ्यांसमोर ढवळूनच नमुना घ्यायचा. काट्याचा आणि फॅट मशीनचा डिस्प्ले खिडकीच्या बाहेर, सभासदाकडे तोंड करून लावायचा. आणि ज्याला शंका वाटेल त्याला त्याच जागी फेरतपासणी मागण्याचा हक्क द्यायचा. ही तिसरी गोष्ट संचालक मंडळाला पटवायला वेळ लागला. सगळेच फेरतपासणी मागतील, रांग थांबेल, गाडी चुकेल अशी धास्ती होती. पहिले काही दिवस तसं झालंही. पण मागितल्यावर तपासणी मिळते आणि कुणी तोंड वाकडं करत नाही असं दिसल्यावर मागणाऱ्यांची संख्या आपोआप उतरली. आता कधीतरी एखादा नमुना पुन्हा लावावा लागतो, आणि तो लावताना टेस्टरलाही राग येत नाही.

शाळेतला गुणतक्ता असो, बँकेतली कर्जमंजुरी किंवा कारखान्यातला उत्पादन अहवाल, कुठलाही आकडा समोर आला की मी अजून हेच विचारते: नमुना कुणी घेतला, कसा घेतला आणि ज्याचं मोजमाप झालं त्याने ते होताना पाहिलं का?

२. वेळ पाळणं हा मान देण्याचा प्रकार आहे

दूध कासेतून निघतं तेव्हा अंगाइतकंच गरम असतं, आणि त्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. ते चार अंशांपर्यंत लवकर थंड झालं नाही तर उन्हाळ्यात कॅनच्या कॅन आंबतो. एकाने उशिरा आणलेल्या दुधामुळे गाडी थांबली, तर त्याचं मोल वेळेवर आलेल्या सगळ्यांनी भरायचं. म्हणून संकलनाची खिडकी ठरल्या वेळी बंद झाली पाहिजे. एकदा चेअरमनच्या घरचा गडी खिडकी बंद झाल्यावर दूध घेऊन आला आणि परत गेला. चेअरमननी पुढच्या बैठकीत ही गोष्ट स्वतः सांगितली आणि टेस्टरचं नाव घेऊन त्याचं कौतुक केलं. त्या दिवसानंतर मला वेळेबद्दल कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

३. हुकूम एकाच तोंडून

फेयॉलच्या चौदा तत्त्वांत एक साधं तत्त्व आहे: काम करणाऱ्याला हुकूम एकाकडूनच मिळावा. निवडून आलेल्या मंडळाच्या संस्थेत हे पाळणं सगळ्यांत अवघड. तिथे प्रत्येक संचालकाला वाटतं की टेस्टर आपला माणूस आहे. एकजण म्हणतो, कॅन आधी धुऊन घे. दुसरा म्हणतो, आधी पेंडीची पोती उतरव. तिसरा घरून निरोप पाठवतो. संध्याकाळी तो पोरगा कुणाचंच काम नीट करू शकत नाही आणि बोलणी मात्र सगळ्यांची खातो.

आम्ही कपाटात एक सूचना वही ठेवली. संचालकाला काही सुचलं की ते त्याने वहीत लिहायचं, चेअरमननी बघायचं, आणि कामगाराला सांगायचं ते फक्त सेक्रेटरीने. वही आली तशा निम्म्या सूचना बंद झाल्या, कारण लिहायची म्हटल्यावर माणूस विचार करतो. राहिलेल्या निम्म्या खरोखर उपयोगाच्या निघाल्या. पावसाळ्यात रांगेवर पत्रा टाकण्याची सूचना त्या वहीतूनच आली.

मंडळाने दिशा, दर, मोठा खर्च आणि माणसांची नेमणूक ठरवावी, रोजचं काम नोकरवर्गाने करावं आणि त्याचा हिशेब मंडळाने घ्यावा, ही विभागणी या देशात सगळ्यांत चांगली कुठे दिसली असेल तर ती आणंदला. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ साली उभा राहिला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल गावोगाव फिरून शेतकऱ्यांना संस्थेत आणत होते. १९४९ साली आणंदला आलेले वर्गीस कुरियन पुढे संघाचे व्यवस्थापक झाले आणि डेअरी, यंत्रं, बाजार यांच्या मागे लागले. शेतकऱ्यांचा विश्वास एकाने कमावला, कारखाना दुसऱ्याने चालवला, आणि दोघांनी एकमेकांच्या कामाची हद्द ओळखली. कुरियन यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्रिभुवनदासांबद्दल त्या मानाने फार कमी, आणि मला ते खटकतं. कर्तबगार माणूस नेमून त्याच्या कामात हात न घालणं हे मोठं प्रशासकीय कौशल्य आहे.

४. ठराव लिहिणं

“मशीन दुरुस्तीबाबत चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.”

प्रोसिडिंग बुकात असं वाक्य दिसलं की समजावं, मशीन दुरुस्त होणार नाही. ठरावात कोण करणार, कधीपर्यंत, किती रुपयांत आणि कुठल्या खात्यातून हे चार तपशील आले पाहिजेत. सूचक आणि अनुमोदकाचं नाव आलं पाहिजे. कुणाचा विरोध असेल तर तोही नावानिशी लिहिला पाहिजे. विरोध लिहून घ्यायला पुष्कळ सचिव बिचकतात, त्यांना वाटतं की त्यामुळे मंडळात फूट दिसते. माझा अनुभव उलटा आहे. ज्याचा विरोध कागदावर आला तो माणूस बाहेर कट्ट्यावर कमी बोलतो.

बैठक उठायच्या आधी सगळे ठराव मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच चहा. चहानंतर कुणी थांबत नाही.

५. पैसा: बिलाचा दिवस कधीही चुकवायचा नाही

शेतकऱ्याच्या घरात उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, दुधाचा दर दहा दिवसांनी. मुलाची फी, किराणा, औषध, बचत गटाचा हप्ता हे सगळं या दहा दिवसांच्या बिलावर बेतलेलं असतं. बिल एक दिवस पुढे गेलं तर गावात कितीतरी ठिकाणी शब्द मोडतो. म्हणून माझ्या कामात मी सगळ्यांत वरचा क्रमांक या एका गोष्टीला दिला. संगणक बंद पडला तर हाताने काढायचं, पण बिल त्या दिवशी निघायचंच.

त्यासाठी रोजची कीर्द रोज मिटवावी लागते. उद्या बघू म्हणून ठेवलेली कीर्द तीन दिवसांनी जुळत नाही, आणि जुळली तरी तिच्यावर कुणाचा भरवसा बसत नाही. रोख घेणारा आणि खतावणी लिहिणारा एकच माणूस नसावा. लहान संस्थेत माणसंच दोन असतात, तिथे हे कसं जमवायचं असं विचारतात. जमतं. दिवसाच्या शेवटी शिल्लक रोख दुसऱ्याने मोजायची आणि कीर्दीवर सही करायची, पाच मिनिटांचं काम आहे. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. उलट एखादे दिवशी पन्नास रुपये कमी आले तर दोघांची सही असल्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवलं जात नाही. दुहेरी सही ही प्रामाणिक नोकराची ढाल असते, हे कामाला लागलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगत असे.

पेंडीच्या उधारीची वसुली बिलातून होते. इथे मंडळाने एक मर्यादा घातली पाहिजे. म्हैस आटत आली की दूध कमी होतं, बिल लहान होतं आणि पेंडीची बाकी तशीच राहते. अशा वेळी सगळं बिल वसुलीत गेलं तर त्या घरात त्या दहा दिवसांत रुपया पोचत नाही, आणि मग त्या घरातली बाई दुसऱ्या कुणाला तरी दूध घालू लागते. आम्ही बिलाच्या निम्म्यापेक्षा जास्त कपात करायची नाही असं ठरवलं. वसुली लांबली खरी, पण सभासद तुटला नाही आणि बाकीही बुडाली नाही.

वर्षाचा नफा वाटताना कायदा पाठ असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि भागांवर १५ टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश देता येत नाही. गावाला मात्र ओढ असते ती दिवाळीच्या फरकाची. ज्याने जितकं दूध घातलं त्याप्रमाणात त्याला फरक मिळतो. १८४४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या विणकरांनी आपल्या किराणा दुकानात हेच केलं होतं, ज्याची खरेदी जितकी तितका त्याचा वाटा. ज्याच्याकडे भाग जास्त त्याला नफा जास्त हा कंपनीचा रिवाज त्यांनी बाजूला ठेवला. फरकाचा हिशेब मी सभेत आकडा-आकडा सोडवून दाखवत असे, फळ्यावर. दूध किती, नफा किती, राखीवला किती, लिटरमागे किती. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही तो घरी करून बघता यावा. मागच्या बाकावरून एखादी नातवंडाला म्हणायची, “आपलं कर की रं.” तो पाटीपुस्तक काढून करायचा, आणि आमचा आकडा त्याच्या आकड्याशी जुळायचा.

६. शिक्षेच्या पायऱ्या

दुधात पाणी घालणारे असतात. लॅक्टोमीटरची डिग्री खाली येते, एसएनएफ घसरतं, सगळ्यांना दिसतं. पहिला विचार येतो तो सगळ्यांसमोर सुनावण्याचा. तो आवरला पाहिजे. दगडी (कासेचा दाह) झालेल्या म्हशीच्या दुधाचंही एसएनएफ बिघडतं, आणि घरातली बाई आजारी असताना धार काढलेल्या पोराने भांडं नीट निथळलं नसेल तरीही आकडा हलतो. आधी घरी जाऊन किंवा बाजूला घेऊन विचारायचं. मग धारेच्या वेळी गोठ्यात जाऊन समोर काढलेल्या दुधाचा नमुना घ्यायचा. तो चांगला आला आणि संस्थेतला पुन्हा खराब आला तर दूध परत. त्यानंतरही तेच, तर लेखी नोटीस, मंडळासमोर म्हणणं मांडायची संधी आणि मग काही काळ दूध बंद.

पाणी, कुरणं, जंगल अशा सामायिक गोष्टी लोक स्वतः कशा सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते, असं त्यांच्या अभ्यासात आढळलं. हे वाचून मला फार आधार वाटला. आमच्या मंडळात कडक वागण्याची मागणी नेहमी होते, आणि ती मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पहिल्याच चुकीला हाकलून दिलेला माणूस सुधारत नाही. तो दुसरी संस्था काढतो, किंवा त्याचे सगळे भाऊबंद संस्थेबाहेर जातात.

७. नोंदवहीत कुणाचं नाव आहे ते बघा

या एका मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहिलं असं म्हटलं तरी चालेल.

वैरण बाईने आणायची, शेण तिने काढायचं, धार तिने काढायची, किटली डोक्यावर घेऊन संस्थेत तिने यायचं. आणि सभासद नोंदवहीत नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. बिल त्याच्या खात्यावर. सभेची नोटीस त्याच्या नावाने. संस्थेचं नव्वद टक्के ज्ञान जिच्याकडे, कुठली पेंड म्हशीला मानवते, कुठल्या महिन्यात फॅट उतरतं, टेस्टर कुणाशी कसं बोलतो, तिला सभेत मत नाही.

कायद्याने संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. जागा भरल्या जातात. पण राखीव जागेवर निवडून आलेली बाई बैठकीत गप्प बसते आणि तिचा दीर दारात उभा राहून बोलतो, हे मी पुष्कळ ठिकाणी बघितलं. तिला बोलता येत नाही म्हणून हे होत नाही. रांगेत तीच बाई दोन वाक्यांत टेस्टरला निरुत्तर करते.

आमच्याकडे फरक पडला तो दोन लहान बदलांनी. पहिला, सभेची वेळ. पूर्वी सभा संध्याकाळी सातला व्हायची, म्हणजे धार, संकलन आणि स्वयंपाक यांच्या अगदी मध्ये. ती दुपारी दोनला आणली. दुसरा, भागाची रक्कम एकदम भरायची अट सैल करून ती बिलातून थोडी थोडी कापून घ्यायची सोय केली, आणि घरोघरी जाऊन जी धार काढते तिचं नाव लावा असं सांगितलं. घरातल्या मोठ्यांची परवानगी काढताना काही उंबऱ्यांवर चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. आमच्या चेअरमनच्या आईने आपलं नाव लावलं तेव्हा बाकीच्यांची वाट मोकळी झाली.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत जे प्रश्न आले ते मी आधी कधी ऐकले नव्हते. पुरुषांचे प्रश्न बहुतेक निवडणूक, इमारत आणि संघातल्या राजकारणाचे असत. बायकांनी विचारलं, जनावरांचा डॉक्टर ठरल्या दिवशी का येत नाही? पेंडीच्या पोत्यात वजन कमी का भरतं? रेडी झाली तर संगोपनाला काही मदत आहे का? पोती मोजून घ्यायची पद्धत त्या सभेपासून सुरू झाली. काम करणाऱ्याला निर्णयाच्या जागी बसवलं की संस्थेची विषयपत्रिकाच बदलते.

८. भांडणात मागणीच्या मागचं कारण शोधा

ओढ्यापलीकडच्या वाडीने एकदा वेगळी संस्था मागितली. मंडळाने नकार दिला, वाडीने दूध बंद करायची भाषा केली. मेरी पार्कर फोलेट या अमेरिकन विदुषीने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे की भांडणात एकाने जिंकणं किंवा दोघांनी अर्धं-अर्धं सोडणं याखेरीज तिसरा रस्ता असतो. दोघांना खरोखर काय हवंय ते उकलून बघायचं. आम्ही वाडीत जाऊन बसलो. बोलता बोलता कळलं की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की लांबून फेरा पडतो, दूध उशिरा पोचतं आणि खिडकी बंद झालेली असते. संस्था वेगळी हवी ही त्यातून निघालेली गोष्ट. जूनपासून चार महिने वाडीतल्या समाजमंदिरात दुसरा काटा लावला, वही एकच ठेवली. विषय संपला.

९. संकटाचे अधिकार आधीच वाटून ठेवा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. संघाची गाडी येणं शक्य नव्हतं. म्हशी मात्र दूध देतच होत्या. चेअरमन पलीकडच्या गावात अडकलेले, फोन लागत नव्हते, वीज नव्हती. त्या दिवसांत जे कुणी संस्थेत पोचू शकले त्यांनी ठरवलं: शाळेत थांबलेल्या पूरग्रस्तांना दूध द्यायचं, उरलेल्याचं घरोघरी तूप आणि खवा करायला सांगायचं, दिलेल्या दुधाची नोंद साध्या वहीत ठेवायची. नोंद ठेवली म्हणूनच पुढे सभेत त्या दुधाचे पैसे संस्थेच्या निधीतून देता आले.

त्यानंतर दर मे महिन्यात आम्ही एक ठराव करतो. संपर्क तुटला तर निर्णय कोण घेईल, तो नसेल तर कोण, किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल. दप्तर माळ्यावर कधी हलवायचं, म्हणजे नदीच्या पातळीचा कुठला आकडा कळल्यावर. जनरेटरला डिझेल किती भरून ठेवायचं. जनावरं कुणाच्या उंच जागेवर न्यायची. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महामार्ग बंद झाला तेव्हा हा कागद भिंतीवर होता. दप्तर कोरडं राहिलं आणि बिल वेळेवर निघालं.

१०. ऑडिटरला घाबरू नका

ऑडिटर वर्षातून एकदा येतो आणि आपल्याला रोज बघून सवय झालेल्या गोष्टी त्याला खटकतात. त्याच्या शेऱ्यांची यादी करून दोषदुरुस्ती अहवाल नीट द्यावा, आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत ते शेरे लपवू नयेत, वाचून दाखवावेत. संस्थेला ‘अ’ वर्ग मिळाला हे सांगताना सगळ्यांना आनंद होतो. कुठल्या तीन गोष्टींवर बोट ठेवलं हे सांगितलं तर सभासदांना आपली संस्था कळते.

११. आपल्यावाचून चालेल असं करून जा

सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असलेली संस्था फार नाजूक असते. गावात अशा सेक्रेटरीचं कौतुक होतं. त्याच्याशिवाय पान हलत नाही असं अभिमानाने सांगतात. मला ते ऐकून काळजी वाटते. मी टेस्टरला खतावणी शिकवली, लेखनिकाला फॅट काढायला शिकवलं, आणि घरात कार्य निघालं तेव्हा मुद्दाम लांब रजा घेतली. त्या रजेत एक बिल येत होतं. ते निघालं, बरोबर निघालं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यांत समाधानाचा दिवस होता.

चार्ज देताना लागणारी यादी सगळ्यांना माहीत असते: किल्ल्या, शिक्के, चेकबुकं, प्रोसिडिंग बुकं, संगणकाचे पासवर्ड, बँकेतल्या सह्या बदलायची पत्रं, थकबाकी, ऑडिटचे राहिलेले शेरे, न्यायप्रविष्ट बाबी. त्याशिवाय एक दुसरी यादी असते आणि ती कुठल्याच नमुन्यात बसत नाही. बिलाची पावती कुणाला वाचून दाखवावी लागते. कुणाच्या घरात खात्यातला पैसा बाईच्या हाताला लागत नाही, म्हणून आकडा तिला आधी सांगायचा. कोण रागावलं की दोन दिवस दूध घालत नाही आणि तिसऱ्या दिवशी विचारायला गेलं की येतं. कुठल्या म्हाताऱ्याची किटली उचलून काट्यावर ठेवावी लागते. ही यादीही लिहून द्यावी, वेगळ्या वहीत, आणि ती सेक्रेटरीखेरीज कुणाला दाखवू नये.

माझ्या जागी आलेली मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. संगणकावरचं काम ती माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने करते, आणि बिल निघालं की प्रत्येक सभासदाला मोबाइलवर संदेश जाईल अशी सोय तिने केली. तो संदेश नवऱ्याच्या फोनवर जावा की धार काढणारीच्या, यावर सध्या मंडळात चर्चा चालू आहे. मंडळातल्या दोन्ही स्त्री-संचालकांनी यावेळी विषय स्वतः मांडला असून, तो पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर पहिला आहे.